सही करण्याआधी: तमालेवाल्या बाईंच्या एका गिऱ्हाइकाचं खुलं पत्र

प्रति,
सोसायटीतली समस्त मराठी मंडळी, आणि विशेष करून एचओए (घरमालकांच्या संघटनेच्या) बोर्डावर असलेले आपले सभासद,
बेरियेसा, सॅन होजे, कॅलिफोर्निया

सप्रेम नमस्कार.

शनिवारी सकाळी कोपऱ्यावर तमाले (कणसाच्या पानात गुंडाळून वाफवलेलं, आत सारण भरलेलं मक्याचं पीठ) विकणाऱ्या बाईंना तिथून उठवावं, असा अर्ज सिटीकडे पाठवायचं घाटतंय आणि सह्या गोळा करायचं काम मुख्यतः आपल्याच लोकांनी अंगावर घेतलंय. मलाही लिंक आली. वर ‘वहिनी, पटकन करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे’ असा निरोप. मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. कारणं तोंडी सांगायला गेलं की विषय पार्किंगवर घसरतो, म्हणून लिहून देते.

अर्जातले मुद्दे असे: बाईंकडे परवाना नाही, अन्न कुठे आणि कसं शिजतं ते ठाऊक नाही, फुटपाथ अडतो, कचरा होतो, आणि सगळ्यात शेवटी, जरा खालच्या पट्टीत, ‘एरियाचा दर्जा’. फुटपाथ आणि कचरा हे दोन मुद्दे खरे आहेत, त्यांच्याकडे येतेच. पण मसुदा वाचताना सारखं वाटत राहिलं की लिहिणाऱ्याने बाईंकडून कधी काही विकत घेतलेलं नाही. तमालेला त्यात ‘मेक्सिकन मोमो’ म्हटलंय. असो. तेव्हा आधी गिऱ्हाईक म्हणून मी काय पाहते ते सांगते.

बाई साडेसातच्या सुमारास येतात. घडीची हातगाडी, तिच्यावर टॉवेलात गुंडाळलेलं ॲल्युमिनियमचं उंच वाफेचं पातेलं, खाली निळा कूलर, बाजूला तोटीचा थर्मास. सोबत मुलगी असते, ती कम्युनिटी कॉलेजात शिकते. पैसे मुलगी घेते, रोख किंवा फोनवर. बाई नोटेला हात लावत नाहीत, हातमोजेही तेवढ्यासाठी काढत नाहीत. झाकण उघडलं की आधी मक्याचा वास येतो, मग मिरचीचा. काय हवं ते पटकन सांगायचं असतं, कारण झाकण उघडं राहिलं की वाफ जाते आणि बाईंच्या कपाळाला आठी पडते. ‘पुएर्को’ म्हणजे लाल मिरचीतलं पोर्क. ‘पोयो’ म्हणजे हिरव्या साल्सातलं चिकन. ‘राहास’ म्हणजे भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या आणि चीज. ‘दुल्से’ हा गुलाबी, मनुका घातलेला गोड, पोरांचा लाडका. नगाला तीन डॉलर, डझनाला तीस. चिमट्याने उचललेला तमाले हातात देण्याआधी बाई त्याच्या पानाची कड जरा उलगडून बघतात. पान आतल्या पिठापासून स्वच्छ सुटत नसेल तर तो परत पातेल्यात जातो आणि गिऱ्हाईक थांबतं. सॉकरची प्रॅक्टिस गाठायची असलेले बाप लोक यावर वैतागतात. मला त्या वैतागाची मजा वाटते, कारण कच्चा तमाले हातात पडला असता तर हेच लोक दुप्पट वैतागले असते.

कणसाचं पान खायचं नसतं, बरं का. १९७६ साली राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड प्रचारासाठी सॅन अँटोनियोला गेले, अलामोपाशी त्यांच्या हातात तमाले दिला आणि त्यांनी पानासकट चावा घेतला. टेक्सासमधले लोक अजून त्यावरून हसतात. आपले पाहुणे त्या मानाने हुशार. सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी पहिला तमाले हातात घेतला आणि पातोळी उलगडावी तसं पान बाजूला केलं. कोणी शिकवावं लागलं नाही.

हे करायला काय लागतं, हेही सांगते, कारण ‘तीन डॉलर म्हणजे लूट आहे’ असंही एकाने लिहिलंय. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात. विड्याच्या पानाला आपण लावतो तोच चुना, खाण्याचा. त्याने दाण्याचं साल सुटतं, पीठ मळण्याजोगं होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगं होतं. ही युक्ती मेक्सिकोतल्या लोकांना काही हजार वर्षांपासून माहीत आहे. युरोपात मका गेला पण चुना मागे राहिला, आणि मक्यावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणाऱ्या आजाराने, गाठलं. मग मका धुवायचा, दळायचा, त्या पिठात चरबी नि रस्सा घालून ते इतकं फेटायचं की त्यातली गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली तर तरंगावी. पानं भिजत घालायची, पुसायची, एकेकावर पीठ सारवायचं, सारण, घडी, आणि पातेल्यात उभी रचून तासाभराहून जास्त वाफ. बाईंच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी बहीण, भाची, सगळ्या बसतात. आपल्याकडे गणपतीच्या आदल्या रात्री मोदकांना बसतात त्यांना हा हिशेब वेगळा समजवायला नको.

आता चरबीचं. शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचावं, कारण इथे खरोखर फसायला होतं आणि दोष कुणाचाच नसतो. राहास तमालेत मांस नाही म्हणून तो शाकाहारी, असं आपण धरून चालतो. पण पिठात बहुतेक ठिकाणी ‘मान्तेका’ म्हणजे डुकराची चरबीच असते, मग सारण काहीही असो. रस्साही पुष्कळदा कोंबडीचा असतो. विचारायचं एवढंच: ‘कोन मान्तेका?’ उत्तर सरळ मिळतं. बाई चरबीशिवाय, भाजीच्या तेलात फेटलेले राहास आणि दुल्से वेगळे करतात आणि ओळखू यावेत म्हणून त्यांना पानाच्याच पट्टीने गाठ मारतात. गाठवाले परवा-परवापर्यंत वरच्या थरात असत. पातेलं मात्र तेव्हा तेच, वाफही तीच. ज्यांना तेवढंही चालत नाही त्यांनी नुसतं चंपुर्रादो घ्यावं. मक्याच्या पिठाने दाट केलेलं, दालचिनी घातलेलं गरम चॉकलेट आहे ते. डिसेंबरच्या सकाळी त्याच्या जोडीला काही लागत नाही.

समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांना या गाठीनेच दगा दिला, हे मला माहीत आहे. डझनात एक बिनगाठीचा आला, त्यांनी घास घेतला, आत पोर्क. काका माळकरी. त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना मी करू शकते आणि त्यांचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्यानंतर काय झालं? काकांनी बाईंना काही सांगितलंच नाही. घरी सांगितलं, मुलाने ग्रुपवर लिहिलं, ग्रुपवरून ते अर्जात गेलं, आणि अर्जात पोचेपर्यंत ‘मांसाहारी पदार्थ शाकाहारी म्हणून विकतात’ असं झालं. मी परवा बाईंच्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने आईला सांगितलं आणि बाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या शनिवारी गाठवाले वेगळ्या, छोट्या पातेल्यात होते. जे एका वाक्यात सुटलं ते तीन आठवडे आपल्या फोनांवर आंबत होतं.

हेच मला या साऱ्या प्रकरणात खटकतंय. गिऱ्हाइकाने विक्रेत्याला तोंडावर विचारायचे प्रश्न आपण सिटीला विचारायला निघालो आहोत. भाजीवाल्याने सडका टोमॅटो दिला तर आई मंडईत जाऊन त्याच्यासमोर पिशवी उलटी करायची, महापालिकेला पत्र लिहायची नाही. आपण इथे आलो आणि भांडायलाही लाजू लागलो, असं झालंय का? शिवाय तक्रार आपण त्याच बाईंची करतो आहोत ज्यांना उलट बोलता येत नाही.

परवान्याचं बोलू. यातलं बरंचसं सहज वाचायला मिळतं, पण अर्ज लिहिणाऱ्याने ते वाचलेलं दिसत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१९ पासून फुटपाथवर विक्री करणं हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. एसबी ९४६ हा तो कायदा. शहरांना नियम करता येतात, पण आरोग्य, सुरक्षितता आणि लोकहित यांचं वस्तुनिष्ठ कारण दाखवून. आणि शेजाऱ्यांना आवडत नाही किंवा बाजूच्या दुकानाचा धंदा कमी होतो, हे वस्तुनिष्ठ कारण धरता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलंय. पुढे आणखी एक कलम आहे: विक्रेत्याने कुठल्याही बिगरसरकारी संस्थेची किंवा व्यक्तीची संमती आणली पाहिजे, अशी अट शहराला घालता येत नाही. म्हणजे आपला एचओए बोर्ड आपल्या पोहण्याच्या तलावाचा मालक आहे, सार्वजनिक फुटपाथचा नाही. ‘एरियाचा दर्जा’ हा मुद्दा तर पहिल्या वाचनात गळून पडेल.

कायदा सगळाच बाईंच्या बाजूने आहे असंही मी म्हणत नाही. निव्वळ निवासी भागात एका जागी ठाण मांडून विकायला शहर मनाई करू शकतं. फिरत्या विक्रीला तशी सरसकट मनाई करता येत नाही. आणि खाद्यपदार्थ विकायचे तर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याचं परमिट लागतंच. ते बाईंकडे नाही, ते त्यांनी काढायला हवं. पण का नाही, हेही बघा. २०२३ पर्यंत राज्याची अन्नसंहिता मोठ्या फूड ट्रकच्या मापाने लिहिलेली होती: इतके सिंक, इतकं पाणी, धुण्यासाठी अमुक इतकी जागा. हे सारं बसवलं तर हातगाडी फुटपाथवर मावत नाही. २०२२ मध्ये मंजूर झालेल्या एसबी ९७२ ने छोट्या गाड्यांचा वेगळा वर्ग केला आणि अटी त्यांच्या मापाच्या केल्या. तरी मान्य नकाशाप्रमाणे बांधलेली गाडी, मान्यताप्राप्त स्वयंपाकघर, तपासणी आणि फी हे आहेच. गंमत अशी की अन्नसंहितेत तमालेचा नावानिशी उल्लेख आहे. न खाण्याजोग्या मूळ वेष्टनात असलेला तमाले उघड्या गाडीवरून विकता येतो, असं त्यात म्हटलंय. कणसाच्या पानाला कायद्याने मान दिला आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं.

तमालेवरून राजकारण होणं इथे जुनंच आहे. लॉस एंजेलिसमध्ये १८९० च्या दशकातही तमालेच्या गाड्या रस्त्यावरून हटवायचे प्रयत्न चालू होते. ॲरिझोनात घरगुती नाशवंत पदार्थ विकू देणाऱ्या विधेयकाला सगळे ‘तमाले बिल’च म्हणत. राज्यपाल केटी हॉब्स यांनी २०२३ मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला, दोन्ही पक्षांचे लोक चिडले, आणि सुधारलेल्या विधेयकावर २०२४ मध्ये त्यांनीच सही केली. आणि आपल्या शेजारी सॅन फ्रान्सिस्कोत व्हर्जिनिया रामोस मिशन या वस्तीतल्या बारमधून बार हिंडत वर्षानुवर्षं तमाले विकत. अख्खं शहर त्यांना ‘तमाले लेडी’ म्हणायचं. त्या सप्टेंबर २०१८ मध्ये वारल्या, एसबी ९४६ वर राज्यपालांची सही झाली त्याच महिन्यात.

आता जरा आपल्या अंगणात. मंडळी, आपल्या ग्रुपवर आठवड्याला डब्याच्या किती जाहिराती येतात? पोळी-भाजीचा डबा, पुरणपोळ्या, उकडीचे मोदक, सुरळीच्या वड्या. मी स्वतः घेते, आनंदाने घेते, पुढेही घेईन. या राज्यात २०१३ पासून घरगुती पदार्थांचा एक कायदा आहे, पण त्यात बसतात ते न नासणारे पदार्थ. डब्यातली आमटी त्यात बसत नाही. २०१८ चा एबी ६२६ घरच्या स्वयंपाकघरातून गरम जेवण विकू देतो, पण काउंटीने तो स्वीकारला असेल तिथेच, आणि तेव्हाही तपासणी नि परमिट लागतं. डबेवाल्या ताईंना परमिट विचारल्याचं मी आजवर ग्रुपवर पाहिलेलं नाही. विचारावं असंही मी म्हणत नाही. एवढंच विचारते की तोच प्रश्न या बाईंच्या बाबतीत आपल्याला एकदम एवढा निकडीचा का वाटला?

आणि स्वच्छता. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ५७ सेल्सियसच्या वर ठेवला पाहिजे, हा इथला नियम. बाईंच्या पातेल्यातून काढलेला तमाले हातात धरवत नाही, जीभ पोळते. गणेशोत्सवाच्या पॉटलकला आपली मसालेभाताची ट्रे आरतीच्या आधी टेबलावर येते आणि भाषणं, नाटुकलं, बक्षीस समारंभ उरकून मग उघडते. त्यावर काही बोलायला मला लावू नका.

अर्ज गेला तर काय होईल तेही लक्षात घ्या. ‘फक्त समज देतील’ असं बोर्डावरचे आपले एक सभासद म्हणाले. छोट्या गाड्यांना पहिल्या वेळी लेखी सूचना आणि नंतर दंड, हे कागदावर बरोबर आहे. पण अधिकारी आला की बाई निघून जातील आणि परत यायच्या नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये इमिग्रेशनच्या धाडी पडल्या तेव्हा कागद असलेले फेरीवालेसुद्धा घाबरून घरी बसले होते. बाईंचे कागद काय आहेत हे मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. पण सरकारी पाकीट आलं की पोटात कसा गोळा येतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. ग्रीन कार्डाच्या रांगेत आपल्यातले कित्येक जण दहा-दहा वर्षं उभे आहेत.

जाता जाता, ‘भारतात असतं हे, इथे कशाला’ या वाक्याबद्दल. भारतात फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्यात सर्वेक्षण होऊन विक्रीची प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्याला उठवू नये असं म्हटलंय. तो कसा पाळला जातो ते सोडा. पण वडापावच्या गाडीच्या आठवणीने गहिवरायचं आणि कोपऱ्यावरची गाडी उठवायची, या दोन गोष्टी एकाच ग्रुपवर एकाच आठवड्यात शोभत नाहीत.

आता खरे मुद्दे. गाडी उभी राहते तिथे फुटपाथ अरुंद आहे. रांग लागली की स्ट्रोलर नि चाकाची खुर्ची रस्त्यावर उतरवावी लागते. हे चूकच. मुलीमार्फत बाईंशी बोलले, त्या बस स्टॉपच्या पलीकडे, जिथे फुटपाथ रुंद आहे तिथे सरकायला तयार आहेत. निवासी पट्टाही तिथे संपतो. त्यांनी मुलीला काहीतरी विचारलं आणि ती हसली. मी विचारलं काय म्हणतात, तर ‘जे रागावलेत, त्यांना मी तिकडे गेले तर लांब नाही ना पडणार?’

कचरा म्हणजे पानं आणि साल्साच्या चिमुकल्या पिशव्या. ही पानं बाई टाकत नाहीत, आपण टाकतो. आपल्या गेटच्या आतला कचऱ्याचा डबा शनिवारी सकाळी गेटबाहेर ठेवायला बोर्डाने परवानगी द्यावी, दुपारी मी आत आणून ठेवीन.

परमिटच्या अर्जाचं म्हणाल तर आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज, स्वतः भरलेली, वकिलाच्या चुका काढून दाखवलेली माणसं आपण. काउंटीचा एक अर्ज भरून द्यायला कोणी एक-दोघं पुढे आले तर बरं होईल. मुलीला इंग्रजी उत्तम येतं, तिला गाडीचा नकाशा आणि मान्यताप्राप्त स्वयंपाकघराचं भाडं या दोन गोष्टींत मदत हवी आहे. बाई पूर्वी आपल्याच बेरियेसाच्या फ्ली मार्केटमध्ये एका स्टॉलवर कामाला होत्या. १९६० पासूनचा बाजार तो, नवीन आलेलो असताना आपण सगळे तिथूनच स्वस्त भाजी आणायचो. त्या जागेच्या नव्या बांधकाम आराखड्याला कौन्सिलने २०२१ मध्ये मंजुरी दिली, तेव्हापासून तिथल्या विक्रेत्यांना पुढचं ठिकाण शोधणं भागच आहे.

बोर्डावरच्या सभासदांना विनंती: गुरुवारच्या बैठकीत हा अर्ज विषयपत्रिकेवरून काढावा आणि कचऱ्याच्या डब्याचा विषय घ्यावा. ज्यांनी सही केली आहे त्यांना लिंकवर जाऊन नाव मागे घेता येतं, ते खरोखरच दोन मिनिटांचं काम आहे.

आणि ज्यांना २४ डिसेंबरसाठी तमाले हवे आहेत त्यांनी आदल्या शनिवारपर्यंत सांगावं, त्या दिवशी पहाटेच संपतात. २ फेब्रुवारीला, कांदेलारिया या मेक्सिकन सणालाही तसंच. चरबीशिवायचे हवे असतील तर किमान दोन डझन सांगा, म्हणजे वेगळं पीठ फेटणं बाईंना परवडतं. काका, तुमच्यासाठी एक डझन मी आधीच सांगून ठेवले आहेत, छोट्या पातेल्यातले.

आपली,
मागच्या बिल्डिंगमधली एक शेजारीण